काडतुसाची समाक्षता व रायफलीची अचूकता

रायफलीच्या काडतुसाचे गोळी, दारू, स्फोटक टोपी आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी असे चार प्रमुख घटक असतात. गोळीचा अक्ष, पुंगळीचा अक्ष व नळीच्या छिद्राचा अक्ष एकाच रेषेत असणे म्हणजे समाक्षता होय. ती साधली नाही, तर उत्तम रायफल व निष्णात नेमबाज असूनही गोळ्या लक्ष्यावर विखुरतात. हा विखुरलेपणा, काडतूस दरवेळी एकाच बाजूने बसविल्यास कमी होतो काय, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे.

इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये स्वीकारलेल्या बॉक्सर काडतुसाची पुंगळी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून करीत व तिला लोखंडी बूड जोडीत. अशा पुंगळीत गोळी नेमकी मध्यावर राहणे कठीण असे. पुण्याजवळील खडकी येथे दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला, तो याच काळात. पुढे एकसंध पितळेची, ओढून तयार केलेली पुंगळी आली. १८८८ पासून ·३०३ काडतूस प्रचारात आले, तेव्हा समाक्षतेची कसोटी अधिक कडक झाली.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन वैद्य फ्रँक्लिन मान (१८५६–१९१६) यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून ढळलेला असल्यास तो नळीत मळसूत्राकार मार्गाने फिरतो आणि नळीच्या तोंडाशी गोळी मोकळी होताच त्या क्षणीच्या स्पर्शरेषेच्या दिशेने किंचित बाजूला सरकतो. विचलनाचा कोन गुरुत्वमध्याचे ढळणे व आट्यांच्या एका वेढ्याची लांबी यांवर अवलंबून असतो, वेगावर नव्हे. ·३०३ रायफलीत हा वेढा २५·४ सेंमी. चा असतो. गुरुत्वमध्य केवळ ०·०१ मिमी. ढळला, तरी १०० मी. अंतरावर गोळी सु. २·५ सेंमी. बाजूला जाते. दोन काडतुसांतील दोष विरुद्ध दिशांना असल्यास फरक ५ सेंमी. होतो, तेच दोष एकाच दिशेला ठेवल्यास दोन्ही गोळ्या जवळजवळ पडतात.

म्हणून मापकाने दोषाची बाजू शोधून पुंगळीच्या बुडावर खूण करावी आणि ती खूण दरवेळी वर ठेवावी, अशी पद्धत काही नेमबाजांनी अवलंबिली. तथापि तिने दोष नाहीसा होत नाही. त्याची दिशा तेवढी स्थिर होते व उरलेले अंतर दर्शकाची जुळणी करून भरून काढता येते. न मोजता केलेली खूण निरुपयोगी ठरते. दारूच्या वजनातील फरक, वारा व नेमबाजाची चूक यांचा परिणाम मोठा असल्यासही हा लाभ दिसून येत नाही.

सैनिकी रायफलीत तर ही पद्धत चालतच नाही. पेटीतून वर सरकताना काडतूस कोणत्याही बाजूस वळते. त्यामुळे सैनिकाच्या नेमाची हमी कारखान्यातच द्यावी लागते. येथे ठाणे जिल्ह्याचा संबंध येतो. कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील अंबरनाथ येथील आयुध निर्माणीत काडतुसांसाठी पितळी वाट्या तयार होतात. या पितळेत सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. वाटी टप्प्याटप्प्याने ओढून तिची पुंगळी होते. वाटीची जाडी एका बाजूस अधिक असल्यास तो फरक पुंगळीच्या भिंतीत उतरतो, मान वाकडी होते व गोळी तिरपी बसते. खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (स्थापना १९६४) हे लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याशी निगडित कारखाने आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर अंबरनाथचा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडकडे, तर खडकी व वरणगावचे म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले.

क्रीडाक्षेत्रातही हेच दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०·४ मिमी. असतो आणि काडतुसे कारखान्यातून तयारच येतात. म्हणून या क्षेत्रातील नेमबाज वेगवेगळ्या उत्पादन-गटांतील काडतुसे आपल्या रायफलीत झाडून पाहतात व सर्वांत एकसारखा गट निवडतात. दोष एका दिशेला वळविण्यापेक्षा तो मुळात कमी असणे अधिक मोलाचे, असाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.