टपाल, नोंदवही आणि रिकामा पासवर्ड

पासवर्ड बरोबर असूनही मेलचे दार उघडत नाही, तेव्हा कार्यालयातील तंत्रज्ञ ‘एलडॅपमध्ये काहीतरी अडकले आहे’ एवढेच पुटपुटतो. वाचकहो, आजचा धागा त्या ‘काहीतरी’च्या इतिहासाविषयी आहे.

संगणकावरील पासवर्ड आणि मेल ही एकाच घरातली भावंडे. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे, म्हणून प्रत्येकाच्या फायली अलग राखण्यास पासवर्ड आला. १९६५ मध्ये याच प्रणालीवर टॉम व्हॅन व्ह्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली.

मात्र पासवर्डांची यादी साध्या मजकुरात ठेवलेली होती. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाला यंत्रावरचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने रीतसर छपाईची मागणी टाकून ती यादीच छापून घेतली! पुढे एकदा संपादन करताना दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दैनिक सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. पासवर्ड नव्हे, तर त्याचे उलट फिरवता न येणारे रूपच साठवावे, हा युनिक्सवरील धडा रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात सविस्तर मांडला.

यंत्रे वाढली तशी प्रत्येक यंत्राची वेगळी यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८८ मध्ये एक्स.५०० हे डिरेक्टरीचे आंतरराष्ट्रीय मानक आले. कल्पना भव्य होती: देश, संस्था, विभाग, व्यक्ती अशी जगाची एकच वंशावळ. परंतु ती चालवण्यास लागणारा संपूर्ण ओएसआय डोलारा तेव्हाच्या साध्या संगणकांना पेलवेना. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी तिला हलकी वाट काढून दिली. तिचे वर्णन जुलै १९९३ च्या आरएफसी १४८७ मध्ये आहे. हीच एलडॅप.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. एलडॅप जन्माला आली ती नोंदवही वाचण्यासाठी. ‘बाइंड’ ही तिची क्रिया म्हणजे नोंदवहीपुढे स्वतःची ओळख देणे. मेल सर्व्हरांनी तिचा उपयोग पहारेकऱ्यासारखा केला. सर्व्हर आधी स्वतःच्या सेवा-खात्याने डिरेक्टरीत शिरतो, वापरकर्त्याचे नाव शोधतो, त्याची पूर्ण ओळख मिळवतो, आणि मग त्या ओळखीने व दिलेल्या पासवर्डने पुन्हा बाइंड करून पाहतो. जमले, तर माणूस खरा.

बिघाड शोधताना या दोन पायऱ्या वेगळ्या करणे हेच निम्मे काम. सेवा-खात्याचाच पासवर्ड कालबाह्य झाला, तर कोणीही काही न बदलता सर्वांचे लॉगिन एकदम थांबते. शोधाची मूळ शाखा चुकीची लिहिली, तर एकाच विभागाची माणसे ‘नाहीशी’ होतात. दुसऱ्या पायरीवर मात्र संकेतांक ४९ येतो, आणि नाव चुकले की पासवर्ड हे तो सहसा सांगत नाही. ही संदिग्धता हेतुपुरस्सर आहे. अन्यथा घुसखोराला कोणती नावे अस्तित्वात आहेत ते फुकट कळले असते. म्हणून तोच शोध आणि तेच बाइंड हाताने करून पाहावे. आपण इतिहासात मूळ दस्तऐवज उघडतो, तसेच.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९७ चा आरएफसी २२५१. एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीच्या या दस्तऐवजाच्या आरंभीच मानक-मंडळाची टीप आहे: नोंदी बदलण्यास सुरक्षित ओळख-पडताळणी लागते, पण येथे समाधानकारक अशी कोणतीही पद्धत अनिवार्य केलेली नाही. स्वतःच्या उंबरठ्यावर स्वतःविषयीच सावधगिरीची पाटी! ती उणीव २००० मध्ये भरून काढण्यात आली.

त्याहून धोकादायक गोष्ट रिकाम्या पासवर्डची. नाव दिले आणि पासवर्ड कोराच ठेवला, तर डिरेक्टरी त्याला निनावी भेट समजून ‘यशस्वी’ असे उत्तर देऊ शके. मेल सर्व्हरला ‘यशस्वी’ एवढेच ऐकू येई, आणि तो कोऱ्या पासवर्डवर दुसऱ्याची पेटी उघडून देई. २००६ च्या आरएफसी ४५१३ ने सर्व्हरांनी अशी विनंती मुळातच नाकारावी, संकेतांक ५३ द्यावा, असे सुचवले; विचारणाऱ्या प्रणालीनेही कोरा पासवर्ड पुढे धाडू नये, असे सांगितले. नवीन मेल सर्व्हर जोडताना जाणकार आजही एकदा कोरा पासवर्ड टाकून पाहतात.