सम लाइक इट हॉट

समुद्रकाठच्या हॉटेलात रंगणारा अमेरिकन विनोदी प्रेमपट (१९५९). दिग्दर्शक बिली वाइल्डर. पटकथा वाइल्डर व आय. ए. एल. डायमंड यांची. प्रमुख भूमिका मॅरिलिन मन्रो, टोनी कर्टिस, जॅक लेमन आणि जो ई. ब्राउन. चित्रपट कृष्णधवल असून लांबी सुमारे दोन तास आहे.

कथेची सुरुवात १९२९ च्या हिवाळ्यात, दारूबंदीच्या काळातल्या शिकागोत होते. सॅक्सोफोन वाजवणारा जो (कर्टिस) आणि डबल बेस वाजवणारा जेरी (लेमन) हे दोघे कफल्लक वादक टोळीवाल्यांनी केलेले हत्याकांड चुकून पाहतात. (त्या वर्षी १४ फेब्रुवारीला शिकागोत खरोखरच सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या, तो प्रसंग इथे घेतला आहे.) जीव वाचवायला दोघे बायकांचे कपडे चढवतात, ‘जोसेफीन’ आणि ‘डॅफ्नी’ होतात आणि फ्लोरिडाला निघालेल्या केवळ स्त्रियांच्या वाद्यवृंदात शिरतात. त्यात गाणारी शुगर (मन्रो) जोच्या मनात भरते. हॉटेलात पोचल्यावर जो तिच्यासाठी आणखी एक सोंग घेतो, तेलकंपनीच्या कोट्यधीश वारसाचे. इकडे खराखुरा कोट्यधीश म्हातारा ऑस्गुड (ब्राउन) डॅफ्नीवर भाळतो. आणि ज्यांच्यापासून पळ काढला ते टोळीवालेही नेमके त्याच हॉटेलात संमेलनाला येतात.

या कल्पनेचे मूळ १९३५ च्या ‘फांफार दामूर’ या फ्रेंच चित्रपटात आणि त्यावरून १९५१ मध्ये निघालेल्या जर्मन चित्रपटात आहे. तिथले वादक निव्वळ काम मिळवण्यासाठी वेष पालटत. वाइल्डर व डायमंड यांनी त्यात खून आणला, आणि सगळे चित्रच बदलले. सोंग उतरवले तर मरण आहे, म्हणून ते उतरवता येत नाही. विनोदाला लागणारा ताण इथून मिळतो. वाइल्डर स्वतः ज्यू होते. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये ते बर्लिन सोडून पळाले; त्यांची आई नाझींच्या वंशसंहारात गेली. जीव मुठीत धरून पळणे आणि परक्या जागी नवा माणूस होऊन उभे राहणे त्यांनी भोगलेले होते. चित्रपटातले हसू इतके मोकळे असूनही पोकळ वाटत नाही, त्याचे एक कारण मला यात दिसते.

सोंगाचा हा खेळ पात्रांपुरता थांबत नाही. पडद्यावरचे फ्लोरिडातले ‘सेमिनोल रिट्झ’ हॉटेल प्रत्यक्षात खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकच्या काठी आहे : कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळचे हॉटेल डेल कोरोनाडो. १८८८ साली उघडलेली ही प्रचंड लाकडी वास्तू, तिची शंकूसारखी छपरे आणि समोरची रुंद पुळण यांमुळे १९२० च्या दशकातले सुट्टीचे वातावरण आयते मिळाले. बाहेरची दृश्ये १९५८ मध्ये इथे घेतली गेली. हॉटेलच्या व्हरांड्यात ओळीने बसलेले म्हातारे धनिक, वाळूवर चेंडू खेळणाऱ्या वाद्यवृंदातल्या मुली, शिंपल्यांची टोपली घेऊन बसलेला खोटा कोट्यधीश, ही दृश्ये पाहताना जाणवते की सुट्टीला आलेला माणूस एरवीही थोडा बदललेलाच असतो. त्याचे घर, धंदा, नाव विचारणारे तिथे कोणी नसते. प्रेमकथेला समुद्रकाठ मानवतो तो यामुळे.

रंगीत चित्रीकरण मन्रोला हवे होते. पण चाचणीत दोघा नटांच्या जाड रंगभूषेवर हिरवट झाक दिसू लागली आणि कृष्णधवलचा निर्णय झाला. बार्बेट या स्त्रीवेषातील जुन्या सर्कस-कलावंताने दोघांना चालणेबोलणे शिकवले. कर्टिसने कोट्यधीशाच्या तोंडी कॅरी ग्रँटच्या बोलण्याची नक्कल घातली. मन्रोमुळे चित्रीकरण फार रखडले. साध्या वाक्यांनाही डझनावारी टेक लागल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. पडद्यावर मात्र त्यातले काही उरत नाही. दर वेळी फसणाऱ्या आणि तरीही पुन्हा विश्वास टाकणाऱ्या शुगरला तिने जी कोवळीक दिली, ती नसती तर जोची लबाडी असह्य झाली असती.

सर्वांत मोलाचे काम मात्र लेमनचे. रात्रभर ऑस्गुडबरोबर टँगो नाचून परतलेला जेरी पलंगावर पडून खुळखुळे वाजवत सांगतो की लग्न ठरले. मुलगी कोण, असे जो विचारतो, तर ती मीच! खुळखुळे वाइल्डरनी मुद्दाम हातात दिले होते : प्रेक्षकांच्या हशात पुढचे वाक्य बुडू नये म्हणून दोन वाक्यांमधली जागा खुळखुळ्यांनी भरायची. पण त्या तालात जेरीचा आनंद खरा वाटतो. डॅफ्नी होणे त्याला आवडू लागले आहे, आणि चित्रपट त्याबद्दल त्याला हिणवत नाही.

हॉलिवूडच्या नियमसंहितेची मान्यता न घेता चित्रपट प्रदर्शित झाला. ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या कॅथलिक संघटनेने त्याचा निषेध केला, तरी लोकांनी गर्दी केली. सहा ऑस्कर नामांकनांपैकी वेषभूषेचे एक पारितोषिक ऑरी-केली यांना मिळाले. लेमन व मन्रो दोघांनाही गोल्डन ग्लोब मिळाले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्याचा समावेश झाला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० मध्ये विनोदी अमेरिकन चित्रपटांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले.

हिंदीत नरेंद्र बेदी यांनी ऋषी कपूर व पेंटल यांना घेऊन ‘रफू चक्कर’ (१९७५) काढला, तो याच कथेवर. मराठी प्रेक्षकाला या संदर्भात हमखास आठवणारा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मात्र थेट याची नक्कल नव्हे. त्याचा आधार हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) असून तिथे सोंग भाड्याच्या खोलीसाठी घ्यावे लागते.

ब्रॉडवेवर ‘शुगर’ (१९७२) या नावाने याचे संगीतनाट्य झाले. मूळ नावानेच २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या संगीतनाट्यात वाद्यवृंदाची गाडी फ्लोरिडाला न जाता कॅलिफोर्नियाला जाते, आणि जेरीला डॅफ्नी ही आपलीच एक ओळख असल्याचे उमगते. ही भूमिका करणारे जे. हॅरिसन घी यांना २०२३ चे टोनी पारितोषिक मिळाले.