शेपटीवरचा क्रमांक

जबलपूर हे शस्त्रे घडवणाऱ्यांचे गाव आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि साठचे दशक संपता संपता लष्करी वाहनांचाही कारखाना सुरू झाला. नर्मदाकाठच्या या गावात मराठी माणूस त्याच्या कितीतरी आधी पोचला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला, तरी माणसे मागे राहिली. पुढे १८७० साली मुंबईहून येणारा आणि कलकत्त्याहून येणारा असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरातच एकमेकांना मिळाले. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. तेव्हा कारकून, शिक्षक, वकील आणि कारखान्यांतले कारागीर अशा नात्यांनी मराठी घरे येथे रुजली, यात नवल नाही.

अशा घरांतला जुना अल्बम उघडला की एक गोष्ट हटकून जाणवते. लग्नकार्यातले समूह आहेत, भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांपुढे होडीत बसलेली मंडळी आहेत, पदवीदानाचा झगा घातलेला थोरला मुलगा आहे. मात्र घरातल्या कर्त्या माणसाने ज्या शेडमध्ये हयात घालवली त्या शेडचे एकही चित्र नाही. ते असणे शक्यच नव्हते. सरकारी गुपितांविषयीच्या १९२३ च्या कायद्याने असे कारखाने ही निषिद्ध ठिकाणे ठरलेली. तेथे कॅमेरा नेणे म्हणजे नोकरी गमावणे आणि वर खटला ओढवून घेणे. खमरियात विमानांच्या तोफांसाठी दारूगोळा तयार होई. तो भरणाऱ्या हातांना तो ज्या विमानांत बसवला जाई ती विमाने पाहण्याचा योग मात्र एरवी येत नसे. योग येई तो वायुदलाच्या एखाद्या सोहळ्यात, दिल्लीला किंवा दुसऱ्या एखाद्या तळावर, हजारो प्रेक्षकांतले एक प्रेक्षक म्हणून. तेथे कॅमेऱ्याला मज्जाव नसेल तर कर्त्या पुरुषाच्या कामाची अल्बमातली एकुलती एक खूण म्हणजे आकाशात उमटलेला एक काळा ठिपका.

या ठिपक्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. मध्यमवर्गाच्या आवाक्यात असलेला कॅमेरा म्हणजे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक-३. एका रिळात बारा चौकोनी चित्रे, भिंगाचा कोन ठरलेला, शटरचा वेगही ठरलेला. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यातसुद्धा पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे सरकते. म्हणजे बटण दाबले गेले त्या क्षणी विमान जेथे होते तेथे ते चित्रात नसतेच. असते ते त्याचे फरपटलेले धूसर रूप. शिवाय बारांतली आठ-नऊ चित्रे परतीच्या प्रवासासाठी, बहिणीच्या घरासाठी, कुतुबमिनारासाठी राखून ठेवायची असत. तरीही दोन-तीन चित्रे आकाशावर खर्ची पडत. त्या काटकसरीच्या काळात हा खर्च लहान नव्हता.

वायुदलाच्या प्रसिद्धी विभागाने काढलेली छायाचित्रे वेगळ्या जातीची असतात. तेथे विमान मध्यभागी, लखलखीत, पंखावरची अक्षरेसुद्धा वाचता येतील असे. हौशी माणसाच्या चित्रात पुढे टोप्या आणि पाठमोरी डोकी, बापाच्या खांद्यावर बसलेले मूल, कडेला लाकडी बल्ल्यांचे कुंपण आणि या सगळ्यांच्या वर कोठेतरी विमान. इतिहासलेखकाला पहिले चित्र अधिक उपयोगी वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या लढाऊ विमानांच्या बाबतीत हा निवाडा इतका सरळ राहत नाही, आणि त्याचे कारण त्या विमानांच्या शेपटीवर असते.

भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार वापिती विमानांनिशी त्याची पहिली तुकडी उभी राहिली. त्या जातीचे एक विमान दिल्लीच्या पालम येथील संग्रहालयात आज आहे. महायुद्धानंतर हरिकेन गेली, स्पिटफायर आणि टेंपेस्ट आली. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हीच पंख्याची विमाने लढली आणि त्या मोहिमेतील कामगिरीबद्दल हृषीकेश मुळगावकर या मराठी वैमानिकाला महावीर चक्र मिळाले. तेच पुढे १९७६ ते १९७८ या काळात वायुदलाचे प्रमुख होते. जेट विमाने येताच जुन्या यंत्रांची किंमत भंगाराच्या भावावर आली. काही तांत्रिक शाळांच्या अंगणात विद्यार्थ्यांना सांधे-खिळे दाखवण्यापुरती उभी राहिली, काही तळांच्या प्रवेशद्वारांशी चौथऱ्यांवर चढली. जतनाची बुद्धी उशिरा सुचली, पण सुचली. ऐंशीच्या दशकात एनएच-६३१ या क्रमांकाचे मार्क आठ जातीचे एक स्पिटफायर उडते ठेवले गेले होते आणि १९८८ साली पालमला जुन्या विमानांचे स्वतंत्र पथकही स्थापन झाले. तेव्हाचे प्रेक्षक ते स्पिटफायर डोळ्यांइतकेच कानांनीही ओळखत असणार. जेटच्या चिरक्या किंकाळीच्या सवयीत वाढलेल्या पिढीला बारा सिलिंडरांच्या मर्लिन एंजिनाची घनगंभीर घरघर अपरिचित होती. छायाचित्राला ती टिपता येत नाही.

एनएच-६३१ पुढे पुन्हा जमिनीला खिळले. काही भाईबंद परदेशी गेले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश संग्राहकांनी भारतात पडून असलेले स्पिटफायर आणि टेंपेस्ट यांचे सांगाडे विकत घेऊन मायदेशी नेले. भारतीय तांत्रिक शिक्षणात आयुष्याचा उत्तरार्ध काढलेले एमव्ही-२९३ हे स्पिटफायर इंग्लंडात डक्सफर्ड येथे पुन्हा आकाशात चढले. परंतु त्याच्या अंगावर क्रमांक रंगवला तो एमव्ही-२६८ हा, म्हणजे एका नामांकित ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाचा. तेथील सोहळ्यात काढलेले छायाचित्र कितीही स्पष्ट असो, ते शेपटीजवळचा क्रमांक वाचणाऱ्याला खोटे सांगते.

लिबरेटर या चार एंजिनांच्या अमेरिकन बाँबफेकी विमानांची कथा याहून विलक्षण आहे, आणि जबलपूरच्या आकाशाशी तिचा दूरचा संबंध लावता येतो. युद्ध संपले तेव्हा उसनवारीच्या करारान्वये ब्रिटनला मिळालेली ही विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर ओळीने उभी होती. ती परत नेणे परवडणारे नव्हते आणि करारामुळे दुसऱ्यास देता येत नव्हती. म्हणून ती निकामी करून टाकण्यात आली: कोठे पत्रा फोडला, कोठे उपकरणे ठेचली, एंजिनांत वाळू ओतली. स्वतंत्र भारताला जड बाँबफेकी विमाने हवी होती आणि ती विकत घेण्यास पैसा नव्हता. १९४८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसे चकेरीला गेली. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला जोडत त्यांनी उडण्यापुरते एकेक धूड उभे केले आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने ते बंगळूरला न्यायचे, असा क्रम चालला. अशी ४२ विमाने त्यांनी नेली. नीट तपासणी न झालेले, कोणाचे चाक तर कोणाचे सुकाणू बसवलेले विमान देशाच्या निम्म्या लांबीवरून उडवत नेणे हा प्रकार आज कोणत्याही नियमात बसणार नाही.

कानपूर आणि बंगळूर यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती जबलपूरच्या किंचित पश्चिमेकडून उतरते आणि पुढे नागपूरच्या आसपास जाते. त्यांतले नेमके कोणते विमान कोणत्या गावावरून गेले हे पट्टी सांगत नाही. परंतु त्या वर्षी नर्मदेच्या खोऱ्यात कोणी मान वर करून चार एंजिनांचे, जुळ्या शेपटीचे धूड पाहिले असेल, तर त्याने भारतीय हवाई इतिहासातली सर्वांत धाडसी भंगार-वाहतूक पाहिली. त्या विमानांपैकी पहिली १९४८ च्या नोव्हेंबरात पाचव्या तुकडीला मिळाली. १९५१ पासून पुण्याच्या लोहगाव तळावरची सहावी तुकडी त्यांच्यावर बसून समुद्रावरची टेहळणी करू लागली आणि हे काम १९६८ पर्यंत चालले. ज्यांना मालकांनीच मारून टाकले होते त्या यंत्रांनी आणखी वीस वर्षे नोकरी केली.

निवृत्त होताच जगाच्या लक्षात आले की इतरत्र ही विमाने वितळवली गेली आहेत आणि उडण्याजोगी उरली ती बहुतांशी भारतात. मग मागण्या सुरू झाल्या. एक १९६८ साली कॅनडाला गेले आणि बदल्यात तेथून लायसँडर जातीचे विमान आले. एक १९६९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातील संग्रहालयासाठी आपल्या पंखांवर उडत गेले. एक १९७४ साली ब्रिटनला परतले. केएच-१९१ या जुन्या ब्रिटिश क्रमांकाचे एक तेवढे मागे पडून राहिले. ते १९८१ साली एका ब्रिटिश संग्राहकाने घेतले आणि मालवाहू विमानातून इंग्लंडला नेले. तेथून ते अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाकडे गेले, आणि संपूर्ण डागडुजीनंतर १९८९ साली उडाले. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत अमेरिकेच्या गावोगावच्या विमान-सोहळ्यांत असंख्य कुटुंबांनी त्याचे फोटो काढले. त्याच्या नाकावर आधी ‘ऑल अमेरिकन’ हे नाव होते, मग ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, मग ‘विचक्राफ्ट’. तिन्ही नावे दुसऱ्या विमानांची. ‘विचक्राफ्ट’ हे तर युरोपच्या आघाडीवर १३० मोहिमा केलेले विख्यात विमान. केएच-१९१ ने जर्मनीवर एकही बाँब टाकला नव्हता. त्याचे बहुतेक आयुष्य भारतात गेले होते, आणि ते आयुष्य त्या रंगाखाली झाकले गेले.

रंगवणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यापुढे जे वृद्ध वैमानिक डोळ्यांत पाणी आणून उभे राहत त्यांना कानपूर आणि लोहगाव या नावांशी काय कर्तव्य? सोहळा हा स्मरणासाठी असतो, आणि स्मरणाला ओळखीचा चेहरा लागतो. आपल्याकडेही तेच घडले आहे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला जे पहिले डाकोटा उतरले त्याचा क्रमांक व्हीपी-९०५, आणि वैमानिक होते विंग कमांडर भाटिया. आज वायुदलाच्या सोहळ्यांत उडणाऱ्या ‘परशुराम’ नावाच्या डाकोटावर हाच क्रमांक आहे. परंतु हे विमान २०११ साली आयर्लंडमध्ये भंगारातून विकत घेतलेले. डाकोटा उडवलेल्या एका वायुदल अधिकाऱ्याच्या पुत्राने, राजीव चंद्रशेखर यांनी, ते इंग्लंडात दुरुस्त करवून वायुदलाला भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते जामनगरला उतरले आणि ४ मे २०१८ रोजी हिंडन तळावर दाखल झाले. त्याच हिंडनवर २०१२ साली, वायुदलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, टायगर मॉथ उडाले होते. त्यामागोमाग हार्वर्डही पुन्हा आकाशात चढले.

आणखी शंभर वर्षांनी कोणा संशोधकाच्या हाती हिंडनचे एखादे नितळ रंगीत छायाचित्र पडले आणि त्याने क्रमांक वाचून हेच ते श्रीनगरला उतरलेले विमान असे लिहिले, तर त्याला खोडून काढायला त्या चित्रात काही नसेल. खोडून काढील तो घरगुती अल्बम. विमान धूसर असले तरी हौशी चित्राला काळ असतो: कपड्यांची ठेवण, मुलाचे वय, शेजारच्या चित्रातले घर, कागदाची पांढरी किनार, मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि स्थळ. सोहळ्याचे विमान आपला क्रमांक बदलू शकते. खांद्यावर बसलेले मूल आपले वय बदलू शकत नाही. जुन्या विमानांचा माग काढणारे जगभरचे अभ्यासक याच कारणाने निवृत्त यांत्रिकांच्या आणि शिपायांच्या घरी जाऊन त्यांचे अल्बम पाहू लागले आहेत. एखाद्या विमानाच्या पंखाखाली बसून डबा खाणाऱ्या चार यांत्रिकांच्या चित्रात, मागे अर्धवट दिसणारा क्रमांक, कधीकधी कागदोपत्री हरवलेल्या विमानाची ओळख पटवून जातो.

या अल्बमांची स्थिती मात्र बरी नाही. काळ्या जाड कागदाला डिंकाने चिकटवलेली चित्रे सोडवताना फाटतात. पावसाळ्यात बुरशी धरते, आणि चांदीचा थर वर येऊन गडद भाग आरशासारखा चकाकू लागतो. नंतरच्या रंगीत चित्रांचे तर आणखी वाईट. त्यांतले निळे आकाश आधी तांबूस होते, मग फिकट. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली की वसाहतीतले घर रिकामे करताना भांडी वाटली जातात, देव वाटले जातात, आणि अल्बम कोणाकडे ठेवायचा हा प्रश्न शेवटी उरतो. लग्नाची चित्रे त्यांतून काढून घेतली जातात. आकाशाची राहतात.

ज्या कारखान्यांनी ही कुटुंबे पोसली त्यांचे नावही बदलले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि खमरियाचा कारखाना पुण्यास मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. आतल्या शेडांची छायाचित्रे आजही बाहेर येत नाहीत. भेडाघाटची होडी, पदवीदानाचा झगा आणि त्यांच्या शेजारी एका चौकोनात पसरलेले पांढुरके आकाश, त्यात डावीकडे वर एक काळी रेघ, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेले एका विमानाचे नाव: खमरियाच्या वाट्याला आलेली चित्रे ही इतकीच.