वायुचलित हत्यारे (वाहनदुरुस्ती)

वायुचलित हत्यारे म्हणजे दाबाखालील हवेच्या शक्तीवर चालणारी हातहत्यारे होत. वाहनदुरुस्तीच्या कामात नट-बोल्ट सोडविणे व आवळणे, गंजलेले भाग कापणे, पत्रा घासणे, छिद्रे पाडणे, रिव्हेट ठोकणे आणि रंग फवारणे यांसाठी ती वापरली जातात. गॅरेजमध्ये सर्वाधिक वापर ‘इम्पॅक्ट गन’ अथवा ‘हवेची गन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आघाती पान्ह्याचा होतो. ही हत्यारे एकटी काम करीत नाहीत. कॉम्प्रेसर, हवेची टाकी, नळी, गाळणी आणि हत्यार अशी ती साखळी असते. यांतील एक दुवा कमकुवत असला तरी उत्तम हत्यारही निकामी ठरते. म्हणून हत्याराची निवड करताना या संपूर्ण साखळीचा विचार करावा लागतो.

## इतिहास

दाबाखालील हवेचा मोठ्या प्रमाणावरील पहिला यशस्वी वापर आल्प्स पर्वतातील माँ-सनी बोगद्याच्या कामात झाला. तेथे अभियंता जेर्मां सोमेये यांच्या वायुचलित छिद्रण यंत्रांनी १८६१ पासून खडक फोडला गेला व १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. खाणी व जहाजबांधणी यांतून हे तंत्र विसाव्या शतकात मोटार कारखान्यांच्या जुळणीमार्गावर आणि तेथून दुरुस्तीशाळांत आले.

महाराष्ट्रात या उद्योगाचे केंद्र पुणे हे होय. हडपसर येथील किर्लोस्कर न्यूमॅटिक या कंपनीची स्थापना १९५८ मध्ये झाली. मूळच्या स्वीडिश अ‍ॅटलास कॉप्को समूहाचे भारतातील ठाणे दापोडी येथे आहे. अमेरिकेतील शिकागो न्यूमॅटिक ही जुनी हत्यार-कंपनी १९८७ मध्ये याच समूहाने विकत घेतली.

## कार्यपद्धती

हत्याराच्या पोटात पोलादी नळकांड्यामध्ये किंचित एका बाजूस सरकवून बसविलेला घूर्णक असतो. त्याच्या खाचांत सरकणारी पाती असतात. हवा आत शिरली की ती पात्यांवर दाब देते आणि घूर्णक वेगाने फिरू लागतो. आघाती पान्ह्यात या घूर्णकाला हातोडीची यंत्रणा जोडलेली असते. नट सैल असेपर्यंत ती सरळ फिरते, परंतु अडथळा येताच हातोडी सुटून ऐरणीवर पुनःपुन्हा प्रहार करते. बल क्षणिक प्रहारांतून मिळत असल्याने हाताला मोठा पीळ बसत नाही आणि गंजलेला नट सुटतो. दोन हातोड्यांच्या रचनेत प्रहार समतोल राहतो, म्हणून वाहनदुरुस्तीसाठी ती अधिक पसंत केली जाते.

## कामानुसार निवड

आघाती पान्ह्याचा आकार त्याच्या चौकोनी टोकाच्या मापावरून सांगितला जातो.

| चौकोनी टोक | मुख्य उपयोग | नळीचा किमान आतील व्यास |
|---|---|---|
| ३/८ इंच | दुचाकी, इंजिनावरील लहान बोल्ट | १० मिमी |
| १/२ इंच | कार, जीप, हलकी मालवाहने | १० मिमी |
| ३/४ इंच | ट्रॅक्टर, मध्यम ट्रक | १३ मिमी |
| १ इंच | जड ट्रक, बस, ट्रेलर | १९ मिमी |

कारच्या चाकाचे नट साधारणतः ९० ते १२० न्यूटन-मीटर पिळाने आवळले जातात, तर जड ट्रकच्या बाबतीत हा आकडा कित्येक पटींनी मोठा असतो. नेमके मूल्य वाहनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. सोडविण्यासाठी लागणारा पीळ आवळण्याच्या पिळापेक्षा पुष्कळ अधिक असू शकतो, कारण गंज व चिखल यांनी आटे धरलेले असतात.

विक्रेत्याच्या पत्रकावर छापलेला ‘कमाल पीळ’ हा बहुधा उलट्या दिशेने, म्हणजे नट सोडविताना, अल्पकाळ मिळणारा असतो. तुलना करताना कामकाजी पल्ला पाहावा. दोन हत्यारांचे आकडे एकाच दाबावर मोजलेले आहेत की नाही, हेही तपासावे. बहुतेक हत्यारे ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय दाबासाठी बनविलेली असतात. आयएसओ २७८७ हे आंतरराष्ट्रीय मानक अशा हत्यारांच्या कार्यक्षमता-चाचणीविषयी आहे. पत्रकात त्याचा उल्लेख असल्यास आकड्यांवर अधिक विसंबता येते.

## कॉम्प्रेसर व हवेचा हिशेब

वायुचलित हत्यार ‘कमजोर’ असल्याच्या तक्रारींचे मूळ अनेकदा हवेच्या अपुऱ्या पुरवठ्यात असते. कॉम्प्रेसरवर दोन निरनिराळे आकडे आढळतात. एक दट्ट्याच्या विस्थापनावरून काढलेला, तर दुसरा प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या मोकळ्या हवेचा. दुसरा आकडा नेहमीच लहान असतो आणि खरेदीसाठी तोच ग्राह्य धरावा.

हत्याराच्या हवावापराचेही दोन आकडे असतात, सरासरी व अखंड. अर्धा इंची गन अखंड चालविल्यास मिनिटाला २० घनफूट हवा घेते असे मानू. ती एकूण वेळेच्या चतुर्थांश काळच चालत असेल, तर सरासरी ५ घनफूट पुरते. त्यावर तीस टक्के राखीव धरून कॉम्प्रेसर निवडावा. ग्राइंडर व घासणीयंत्र मात्र सलग चालतात, त्यांच्यासाठी अखंड आकडाच धरावा लागतो.

टाकीचा हिशेब असाच करता येतो. २०० लिटरच्या टाकीतील दाब १० बारवरून ६.२ बारवर येईपर्यंत सुमारे ७५० लिटर मोकळी हवा मिळते. वरील गन कॉम्प्रेसर बंद असताना त्यावर सुमारे ८० सेकंद चालेल. एका चाकाचे नट सोडविण्यास तेवढा वेळ पुरेसा असतो, घासकामास नसतो.

नळी अरुंद किंवा विनाकारण लांब असल्यास हत्यारापर्यंत दाब पोहोचत नाही. दाब मोजावयाचा तो हत्यार चालू असताना व त्याच्या तोंडाशी. भिंतीवरील कायम वाहिनीसाठी पाण्याचे पीव्हीसी पाइप वापरू नयेत. दाबाखाली ते तडकल्यास त्यांचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात.

## ओलावा व वंगण

पावसाळी दमट हवा हा या हत्यारांचा मोठा शत्रू आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा ६.२ बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर निवू दिली, तर त्यातील जवळजवळ २० ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. मिनिटाला १० घनफूट हवा देणारा कॉम्प्रेसर तासभर चालल्यास टाकीत व नळीत सुमारे एक तृतीयांश लिटर पाणी साचते. हे पाणी वंगण धुऊन नेते, पाती फुगवते आणि नळकांडे गंजवते. त्यामुळे टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून पाणी सोडणे आवश्यक ठरते.

हत्याराच्या अलीकडे गाळणी, दाबनियामक व तेलपात्र या क्रमाने उपकरणे बसवितात. तेलपात्र नसल्यास कामापूर्वी हवेच्या तोंडात वायुचलित हत्यारांच्या पातळ तेलाचे काही थेंब सोडावेत. इंजिनाच्या घट्ट तेलाने पाती चिकटतात. रंगफवारणीसाठीची हवा मात्र तेलविरहित लागते, म्हणून तिची नळी स्वतंत्र ठेवतात.

## विश्वासार्हतेच्या कसोट्या

* सुटे भाग: पाती, बेअरिंग, रबरी कडी आणि घोड्याची झडप हे झिजणारे भाग होत. ते जवळच्या शहरात मिळत नसतील, तर स्वस्त हत्यार अंती महाग पडते.
* भाराखालील चाचणी: मोकळ्या फिरकीवरून काहीच कळत नाही. आवळलेल्या बोल्टवर हत्यार चालवून पाहावे व दोन्ही दिशा तपासाव्यात.
* गळती: घोडा सोडलेला असताना सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात.
* टोकाचा खेळ: चौकोनी टोक हाताने हलवून पाहावे. नव्या हत्यारात जास्त खेळ असणे हे सदोष बांधणीचे लक्षण होय.
* वजन व कंपन: दिवसभर हाती धरावयाच्या हत्यारात हलके कवच व कमी कंपन यांचे मोल पिळाच्या मोठ्या आकड्यापेक्षा अधिक असते.
* गोट्या: आघाती पान्ह्यावर त्यासाठीच बनविलेल्या, बहुधा काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या गोट्याच लावाव्यात. हातपान्ह्याच्या चकचकीत गोट्या प्रहाराने फुटून डोळ्यास इजा करू शकतात.

## नट आवळताना

आघाती पान्हा सोडविण्यासाठी जितका उपयुक्त, तितकाच शेवटच्या आवळणीसाठी अविश्वसनीय असतो. हवेचा दाब, आट्यांची स्थिती व घोडा दाबून ठेवण्याचा वेळ यांनुसार मिळणारा पीळ बदलतो. जास्त आवळल्यास बोल्ट ताणला जातो, आटे जातात किंवा ब्रेकची तबकडी वाकडी होते. कमी आवळल्यास चाक सैल होऊन धावत्या वाहनापासून निखळू शकते. म्हणून नट प्रथम हाताने आट्यांत धरवावेत, गनने हलकेच बसवावेत, नंतर समोरासमोरच्या क्रमाने पीळमापक पान्ह्याने ठरलेल्या पिळाला आवळावेत. जड वाहनांच्या चाकांची आवळणी काही अंतर चालविल्यानंतर, साधारणतः ५० ते १०० किलोमीटरांनी, पुन्हा तपासतात.

## सुरक्षितता

आघाती पान्ह्याचा आवाज ९० डेसिबलहून अधिक असू शकतो व सततच्या श्रवणाने बहिरेपणा येतो. दीर्घकाळच्या कंपनाने बोटांचा रक्तपुरवठा घटून ती पांढरी व बधिर पडतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी हस्तकंपनाची मर्यादा ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग असून २.५ पासूनच उपाययोजना सुरू करावी लागते. कपडे अथवा अंग झटकण्यासाठी हवेची नळी कदापि वापरू नये. त्वचेच्या जखमेतून शरीरात शिरलेली हवा प्राणघातक ठरू शकते. टाकीवरील सुरक्षाझडप बांधून किंवा बुजवून ठेवणे हे स्फोटाला निमंत्रण होय. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम ३१ अन्वये, दाबाखालील यंत्रांचा सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये अशी तरतूद करण्यात आली.

## महाराष्ट्रातील वापर

राज्य परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. आज महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथे आहेत. बसबांधणीतील पत्राकाम, रिव्हेटकाम व चाकांची जोडणी ही वायुचलित हत्यारांची स्वाभाविक क्षेत्रे होत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम हा ग्रामीण तरुणांना या व्यवसायात आणणारा एक मार्ग आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ मध्ये मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईसाठी इतिहासात प्रसिद्ध आहे. अशा मोठ्या गावांतील गॅरेजपुढे दुचाकीपासून ट्रॅक्टर-ट्रॉली व ऊसवाहू ट्रकपर्यंत सर्व वाहने येतात. गळीत हंगामात वाहन एक दिवस उभे राहिले तरी मालकाची खेप बुडते. तेथे एकच मोठी गन घेण्यापेक्षा अर्धा इंची गन, पुरेशा क्षमतेचा कॉम्प्रेसर व पीळमापक पान्हा हा संच आधी उभारणे आणि ट्रकचे काम वाढल्यावर एक इंची गन जोडणे हा क्रम व्यवहार्य ठरतो. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात मोठी टाकी अथवा डिझेल इंजिनावरील कॉम्प्रेसर उपयोगी पडतो.

## विद्युत हत्यारांशी तुलना

बॅटरीवरील आघाती पान्हे अलीकडे प्रबळ झाले असून रस्त्यावरील दुरुस्तीसाठी ते सोयीचे आहेत, कारण त्यांना नळी व कॉम्प्रेसर लागत नाही. वायुचलित हत्यार समान शक्तीला हलके असते, सततच्या कामात तापून बंद पडत नाही आणि त्याची रचना साधी असल्याने दुरुस्ती सोपी असते. मात्र हवा दाबताना बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्यामुळे विजेचा खर्च अधिक येतो. टायरमध्ये हवा भरण्यासाठी कॉम्प्रेसर आधीच असलेल्या गॅरेजला वायुचलित हत्यार किफायतशीर पडते, परंतु त्या कॉम्प्रेसरची क्षमता प्रथम तपासावी लागते.