शेक

आमच्या घरात रेडिएशनला अजून शेकच म्हणतात. शब्द आजीचा. ती कल्याणच्या पारनाक्यावरची. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायचा, हा तिच्या लेखी शेक. 1984 साली डॉक्टरांनी आत्याला ‘लाईट घ्यावी लागेल’ म्हणून सांगितलं, तेव्हा आजी म्हणाली, “म्हणजे शेकच ना? मग घे.”

शेकाने बाई मरत नाही, याची तिला खात्री होती. टाटाला नेलेली मरते, याचीही होती. परळचं ते कॅन्सरचं हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. आजीच्या ओळखीतले जे कोणी तिथे गेले, ते सगळे उपाय थकल्यावर. तिच्या एका चुलत जावेला तर कुठेच नेलं नाही. ‘गळू आहे’ म्हणत घरीच पोटीस बांधत राहिले. आनंदीबाई जोशी आमच्या कल्याणात जन्मल्या, हे आजी प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची. त्या 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्याला शंभर वर्षं होत आली होती, तरी तिच्या स्वतःच्या लेकीने छातीतली गाठ चार महिने पदराआड ठेवली.

आत्याचं स्तन काढलं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग कोबाल्टचे पंचवीस शेक, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. डोंबिवलीहून गाडी, दादरला उतरायचं, पुढे चालत. “आत काहीच होत नाही गं,” ती सांगते. “झोपायचं, हात डोक्यावर, हलायचं नाही. सगळे बाहेर पळतात आणि आपण एकटे. चटका नाही, ऊब नाही. मला तर वाटलं, मशीन बंदच आहे.” तंत्रज्ञ तिला गमतीने म्हणाला होता, मशीन म्हातारं झालंय, वेळ लागतो. त्यात तथ्य होतं. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते, मग तेवढ्याच मात्रेसाठी जास्त वेळ पडून राहावं लागतं.

ऊब तिसऱ्या आठवड्यात आली. कातडी आधी लाल, मग वांग्यासारखी काळी, आणि काखेच्या घडीत ओली होऊन सोलली. छातीवरच्या जांभळ्या शाईच्या रेघा पुसायच्या नाहीत, साबण नाही, पावडर नाही. मे महिना होता. ती काकांचा विटका मलमलचा सदरा घालून खिडकीत बसायची. महिलांच्या डब्यातल्या बायकांनी तिची जागा ठरवून टाकली होती. कोणीतरी आदल्या स्टेशनातच बसून ती अडवून आणायची.

परवा माझ्या वहिनीला पाच शेक मिळाले. फक्त पाच, सोमवारी सुरू, शुक्रवारी संपले, तेही ठाण्यातच. पंचविसाचे पंधरा कधी झाले आणि पंधराचे पाच, हे आत्याला समजावताना माझीच तारांबळ उडाली. इंग्लंडमधल्या फास्ट-फॉरवर्ड या अभ्यासाचे निष्कर्ष 2020 मध्ये आले: तीन आठवड्यांत 40 ग्रे मात्रा देण्याऐवजी एका आठवड्यात 26 ग्रे दिले, तरी पाच वर्षांत गाठ परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. अर्थात सगळ्यांना पाच चालत नाहीत, ते डॉक्टरच ठरवतात. वहिनीची नुसती गाठ काढलेली, स्तन राखलेलं. गाठ डावीकडे, म्हणून तिला श्वास भरून रोखायला शिकवलं. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून जरा मागे सरतं. कोबाल्टचा जोर कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवरच सगळ्यात जास्त. नव्या लिनॅक मशीनचा साधारण दीड सेंटिमीटरवर. वहिनीची कातडी त्यामुळे सोलली नाही. नुसती लाल झाली, तीही शेक संपल्यावर आठवड्याने.

आणि इथेच घोळ झाला. आत्याचा आजार पाच आठवडे रोज सकाळी लोकलला जात होता, सगळ्या चाळीला दिसत होता. वहिनीचा शुक्रवारी संपला, असं घराने धरलं. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे हळदीकुंकू ठरलं. ती ओट्याशी उभी राहून दमत होती, दुपारी दोनला डोळे मिटत होते, आणि भाऊ विचारत होता, “आता तर झालं ना सगळं?” डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ‘थकवा काही आठवडे राहू शकतो’ असं छापलेलं होतं. आमच्यात तो कोणी वाचला नव्हता, मीही नाही.

आत्याने हळदीकुंकू रद्द करवलं. फोनवर एवढंच म्हणाली, “तिला निजू दे.” संध्याकाळी स्वतः रिक्षा करून आली. हातात पिशवी, पिशवीत धुऊन मऊ झालेले दोन सुती सदरे.

वहिनीने तिच्यासाठी खुर्ची ओढली तेव्हा मला आत्याच्या ब्लाउजच्या बाह्या दिसल्या. चाळीस वर्षं शिंप्याला ती दोन मापं देते. डाव्या बाहीचं एक, काखेतल्या गाठी काढल्यापासून सुजलेल्या उजव्या हाताचं दुसरं, दीड इंच जास्त. उजव्या मनगटात बांगडी चढत नाही, म्हणून साऱ्या हिरव्या बांगड्या डाव्या हातात.

तिने वहिनीचा डावा हात पुढे ओढला, मनगटावरून कोपरापर्यंत बोटांनी चाचपला आणि विचारलं, “बांगड्या सैल होतात ना अजून?”