सिग्नलला न दिसणारी गाडी

आता आपण मोठ्या इंजिनांवरून उतरून एका किरकोळ वाटणाऱ्या गाडीकडे येऊ. आपल्याकडे तिला मोटर ट्रॉली म्हणतात, अमेरिकेत स्पीडर. लाइन तपासणाऱ्या गँगची ही गाडी. लहान इंजिन, मागून धक्का दिला की फट-फट करत निघायची. आणि बघा, चाकांना इन्सुलेशन असे, म्हणजे सिग्नलच्या सर्किटला ही दिसतच नसे! समोरून रेल्वे आली तर? वेळापत्रक, घड्याळ आणि कान, एवढाच आधार. आज हौशी मंडळी हिच्यात सहलीला बसतात. जिच्यावर पोट होतं त्या माणसांना मात्र ही धास्ती रोजची होती.

पुढे अमेरिकेत रुळांवरही चालणाऱ्या ट्रकांनी यांची जागा घेतली आणि या ट्रॉल्या हौशींच्या हाती गेल्या. पण हौसेला रूळ हवेत ना! खाण संपली की रूळ बहुधा भंगारात जातात. पेनसिल्व्हेनियातली ईस्ट ब्रॉड टॉप ही कोळशाची नॅरोगेज लाइन १९५६ साली बंद पडली. विकत कोणी घेतली? कोवालचिक नावाच्या भंगार व्यापाऱ्यांनी! रूळ उखडून विकणं हा त्यांचा धंदाच. त्यांनी उखडले नाहीत. १९६० मध्ये थोड्या अंतरावर पर्यटकांची गाडी सुरू झाली. खाणींकडचे रूळ मात्र तसेच पडून राहिले, मधून झाडं उगवली.