शिकागो आणि पाण्यावरची रेघ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या वेळच्या एपिसोडचा हा लिखित भाग.

या वेळी शिकागोला जाऊ. मी तिथे तीन महिने ऑनसाइट होतो. सोमवार ते शुक्रवार क्लायंटचं ऑफिस, शनिवारी-रविवारी गळ्यात कॅमेरा. पहिल्या दोन आठवड्यांत सगळे काढतात ते फोटो काढून झाले. नदीवरचे पूल झाले, मिलेनियम पार्कमधला तो चकचकीत वाल झाला, उंच इमारतींची रांग झाली. मग ऑफिसमधल्या एका आपल्याच माणसाला म्हटलं, "या शनिवारी साउथ साइडला जातोय." तो म्हणाला, "कशाला? तिकडे आपलं कोणी जात नाही. कॅमेरा घेऊन तर अजिबात जाऊ नकोस."

तो इथे अकरा वर्षं राहतोय आणि एकदाही तिकडे गेलेला नाही, हे नंतर कळलं. मग त्याला ही भीती आली कुठून? आणि "तिकडे" नेमकं कुठून सुरू होतं? हे शोधायला निघालो.

ग्रीन लाइनची ट्रेन पकडली. गजबजलेल्या डाउनटाउनमधून दक्षिणेला काहीच मिनिटांत एक स्टेशन येतं, पस्तिसावा रस्ता-ब्राँझव्हिल-आयआयटी. आयआयटी म्हटल्यावर पवई आठवलं असेल, पण ही इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. आपल्याकडची बरीच पोरं एमएस करायला इथे जातात. तिथला क्राउन हॉल म्हणजे आर्किटेक्चरवाल्यांचं तीर्थक्षेत्र. मीस व्हॅन डेर रोहची ही इमारत १९५६ साली पूर्ण झाली. काळं पोलाद, काचेच्या भिंती, आत एकही खांब नाही. फोटो इतका देखणा येतो की फिल्टर लावावा लागत नाही.

पण त्या जागी आधी काय होतं? तिथे मेक्का फ्लॅट्स नावाची भलीमोठी इमारत होती. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेली. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात होतं. त्याच प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांना बाजूला ठेवलं, म्हणून आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी निषेधाची पुस्तिका छापून वाटली, हे मात्र नव्हतं.

पुढे मेक्कामध्ये कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली. मधे चौक, वर काचेचं छत, सगळ्या मजल्यांना नक्षीदार लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या. जुने फोटो बघताना मला थेट गिरगावातली चाळच आठवली. संस्थेने इमारत विकत घेतली, भाडेकरूंनी बरीच वर्षं झुंज दिली, शेवटी १९५२ मध्ये ती पाडली. म्हणजे माझ्या त्या देखण्या फोटोखाली शेकडो लोकांची घरं होती. फोटोत त्यातलं काहीच येत नाही.

हे लोक इथे आले कसे? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतल्या मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे निघाली. तिकडे कापसाची शेती, डोक्यावर कर्ज आणि वर झुंडीने माणसं मारण्याची दहशत. इकडे कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत काम. 'शिकागो डिफेंडर' नावाचं कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र होतं. रेल्वेच्या डब्यांत काम करणारे पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोचवायचे, आणि ते वाचून गावंच्या गावं हलायची. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९२० मध्ये जवळपास १ लाख ९ हजार. माणसं अडीच पट वाढली, पण राहायला दिलेला पट्टा तेवढाच.

तिथून पूर्वेला चालत तळ्याकडे गेलो. वाटेत रेल्वेचे रूळ आणि मोठा हमरस्ता आहे, त्यांवरून पादचारी पूल जातो. दक्षिणेतून निघालेल्या कितीतरी लोकांच्या गाड्या तळ्याकाठच्या याच रुळांवरून शहरात शिरल्या. पलीकडे मिशिगन तळं. म्हणायला तळं, पण समोरचा काठ दिसत नाही. लाटा आहेत, वाळू आहे, बारकी पोरं ओरडत पाण्यात पळतायत. आपली चौपाटीच म्हणा, फक्त भेळवाला नाही.

रविवार, २७ जुलै १९१९. प्रचंड उकाडा होता. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर घरी बनवलेल्या तराफ्यावर पाण्यात खेळत होता. पंचविसाव्या रस्त्याजवळचा किनारा कृष्णवर्णीयांचा आणि एकोणतिसाव्याजवळचा गोऱ्यांचा, असं सगळे धरून चालायचे. तसा कायदा नव्हता. पाण्यात दोरी किंवा खुणेचं पिंप, काहीच नव्हतं. तराफा वाहत वाहत तिकडे सरकला. काठावरच्या एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली आणि युजीन बुडून मेला. लोकांनी बोट दाखवूनही तिथल्या गोऱ्या पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. मग दंगल पेटली. आठवडाभरात ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. पाचशेच्या वर जखमी झाले आणि सुमारे हजार कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं गेली.

या दंगलीचे फोटो काढणाऱ्यांत एक नाव आहे जुन फुजिता. हिरोशिमाजवळ जन्मलेला हा जपानी माणूस शिकागोच्या एका संध्याकाळच्या वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता. तो गोराही नव्हता आणि कृष्णवर्णीयही नव्हता. एका माणसाच्या मागे लागलेला जमाव त्याने जवळून टिपला. आपल्यासारखाच बाहेरून आलेला एक आशियाई, जड कॅमेरा घेऊन तिथे उभा राहिला. आणि आमचे साहेब अकरा वर्षांत ट्रेनमध्येही बसले नाहीत.

मी तिथे कॅमेरा पाण्याकडे धरला. स्क्रीनवर निळं पाणी, निळं आकाश. ती रेघ दिसतच नाही. काठाला एका दगडावर युजीनची छोटी पाटी आहे, ती नसती तर तेवढंही कळलं नसतं. आपण न टिकणाऱ्या गोष्टीला "पाण्यावरची रेघ" म्हणतो. शिकागोतली पाण्यावरची रेघ मात्र टिकली. कारण दंगलीनंतर ती पाण्यातून कागदावर आली.

हा कागद समजून घ्या, कारण खरी गोष्ट इथे आहे. घरांच्या खरेदीखतात कलमं टाकली गेली की ही मालमत्ता कृष्णवर्णीय माणसाला विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. पुढे १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेनेच शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे कर्जासाठी उत्तम, लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल. ती कलमं कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पण लाल रंग पुसला गेला नाही. बँक कर्ज देईना. मग दलाल यायचे. गोऱ्यांना घाबरवून त्यांची घरं स्वस्तात घ्यायची आणि कृष्णवर्णीयांना दामदुप्पट भावात हप्त्यावर विकायची. शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर नावावर होत नाही. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. आपल्या ईएमआयची कल्पना करा, फक्त एकोणीस वर्षं भरल्यावरही हातात शून्य. १९६८ मध्ये अशा घर घेणाऱ्यांनी एकत्र येऊन हप्ते रोखले आणि लढा दिला, तेव्हा हा प्रकार बाहेर आला.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९६६ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत आले होते ते कुणालाही कुठेही घर मिळावं या मागणीसाठी. ५ ऑगस्टला मार्क्वेट पार्कमधल्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. १९१९ चा दगड पाण्यात पडला होता, हा रस्त्यावर. मधे सत्तेचाळीस वर्षं.

चालून चालून भूक लागली. साउथ साइडला आलात तर हॅरल्ड्स चिकन खायचंच. हॅरल्ड पिअर्स नावाचे गृहस्थ अलाबामातून आले आणि त्यांनी १९५० मध्ये हे सुरू केलं. पाटीवर कुऱ्हाड घेऊन कोंबडीच्या मागे धावणारा माणूस. ऑर्डर दिल्यावर तळायला घेतात, त्यामुळे ताटकळत उभं राहायचं. काउंटरला जाड बुलेटप्रूफ काच, पैसे आणि पार्सल फिरत्या खिडकीतून. हातात येतं ते असं: खाली साध्या पावाचे स्लाइस, त्यावर फ्राइज, त्यावर चिकन आणि सगळ्यावर लालसर गोड-आंबट "माइल्ड सॉस". तिखट म्हणाल तर कोल्हापूरकर हसतील. पण तळाचा तो पाव! सॉस आणि चरबी पिऊन मऊ झालेला. ताटातला शेवटचा रस्सा भाकरीने पुसून खाताना जे सुख मिळतं ना, अगदी तेच.

शेजारी एक आजी पार्सलची वाट बघत उभ्या होत्या. माझा कॅमेरा बघून म्हणाल्या, कशाचे फोटो काढतोस? मी तळ्याचं सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. आई मिसिसिपीहून निघाली तेव्हा बुटाच्या खोक्यात तळलेलं चिकन, पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली होती. का, तर वाटेत कुणी जेवायला बसू देणार नाही. असं खोकं तेव्हा घरोघरी भरलं जायचं, हे मी वाचलं होतं. पण हातात गरम चिकन असताना ऐकणं वेगळं. आपल्याकडेही शिदोरी असते. ती आपण चवीसाठी नेतो, की वेगळा कप नको म्हणून, हे आपण कुणाच्या घरात जन्मलो त्यावर ठरत आलंय.

शेवटचा थांबा स्टेट स्ट्रीटवरचं रॉबर्ट्स टेंपल चर्च. साधी विटांची इमारत. शिकागोचा एमेट टिल, वय चौदा, ऑगस्ट १९५५ मध्ये सुट्टीला मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या एका गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा आरोप ठेवून त्याला रात्री घरातून उचललं, हाल करून मारलं आणि नदीत टाकलं. प्रेत पेटीत बंद होऊन शिकागोला आलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, पेटी उघडायला लावली. अंत्यविधीतही ती उघडीच ठेवली. त्या चर्चमध्ये हजारोंच्या रांगा लागल्या. डेव्हिड जॅक्सन यांनी काढलेला चेहऱ्याचा फोटो 'जेट' मासिकाने छापला. सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. पण तो फोटो देशाने पाहिला, आणि नागरी हक्कांच्या चळवळीतली एक अख्खी पिढी त्या फोटोविषयी बोलत राहिली.

त्या चर्चसमोर मी कॅमेरा बॅगेत ठेवला. माझ्या फोटोंत अन्याय "दिसत नाही" असं मी दिवसभर म्हणत होतो. या आईने तो दिसेल असं केलं. दाखवायचं ठरवावं लागतं.

आपला या सगळ्याशी जुना संबंध आहे, हेही सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव ब्लॅक पँथरवरून आलं. त्यांना तिथली रेघ दिसली, कारण इथली ओळखीची होती.

आणि आता माझी. नोकरी लागल्यावर पुण्यात मी आणि कॉलेजचा एक मित्र फ्लॅट शोधत होतो. एक टू-बीएचके दोघांनाही आवडला. दलालाने आडनावं विचारली. दुसऱ्या दिवशी कळलं की मालक नातेवाइकाला देतोय. चार दिवसांनी दलालाचा मला एकट्याला फोन आला, "तुम्ही दुसरा पार्टनर बघा, फ्लॅट तुमचाच." मी बघितला. दोन वर्षं राहिलो. हवेशीर घर होतं. मित्राला सांगितलं की दुसरीकडे मिळालं.

त्या संध्याकाळी ग्रीन लाइनमधून परत येताना मला तो फ्लॅट आठवला. त्याच्या बाल्कनीतून काढलेले सूर्यास्ताचे फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. त्यातही रेघ दिसत नाही.

हा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी मित्राला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं रे. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो." ही गोष्ट त्याच्या परवानगीने सांगितली आहे. नाव नको म्हणाला, कारण सध्या तो परत घर शोधतोय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.